जुनी इलेक्ट्रॉनिक मापन उपकरणे दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर, सिग्नल जनरेटर आणि फ्रीक्वेन्सी काउंटर प्रथमच दुरुस्त करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने दिले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येते. एखादा मुद्दा दुसरीकडे विस्ताराने आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न ३ मात्र कोणीही वगळू नये.

१. मी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेले नाही. जुने उपकरण दुरुस्त करणे मला जमेल का?

ओहमचा नियम वापरता येत असेल, डायोड आणि ट्रान्झिस्टर ढोबळमानाने काय करतात हे ठाऊक असेल आणि मल्टिमीटर वापरण्याची सवय असेल, तर सुरुवात करण्यास हरकत नाही. साधारणपणे १९५० ते १९९० या काळातील चांगली मापन उपकरणे दुरुस्त करता यावीत अशाच हेतूने बांधलेली असत. त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये संपूर्ण सर्किट, ठिकठिकाणची व्होल्टेज, अपेक्षित वेव्हफॉर्म आणि अ‍ॅडजस्टमेंटचा क्रम दिलेला असतो. ते मॅन्युअल आधी मिळवावे आणि त्यातील सर्किट आपल्या उपकरणाच्या अनुक्रमांकाला लागू आहे का, हे तपासावे, कारण एकाच मॉडेलमध्ये उत्पादनाच्या काळात बदल होत गेलेले असतात.

पहिले उपकरण विचारपूर्वक निवडावे. ट्रान्झिस्टरवर चालणारा ऑडिओ सिग्नल जनरेटर, लहान बेंच पॉवर सप्लाय किंवा काट्याचा मल्टिमीटर योग्य ठरतो. व्हॉल्व्हचा (निर्वात काचनळ्यांवर चालणारा) ऑसिलोस्कोप ही पहिली पायरी नव्हे. त्यात शेकडो व्होल्ट उघड्या टॅगवर असतात आणि चुकीला वाव राहत नाही.

२. सुरुवातीला कोणती साधने घ्यावीत?

एक विश्वासार्ह डिजिटल मल्टिमीटर, तापमान नियंत्रित करता येणारी सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, चांगला फ्लक्स, योग्य मापाचे स्क्रूड्रायव्हर, सिरीज लॅम्प (प्रश्न ५) आणि फोटो काढण्यासाठी फोन एवढे पुरते. करंट मर्यादित करता येणारा पॉवर सप्लाय आणि ईएसआर मीटर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणारा) यथावकाश घ्यावेत. चालू स्थितीतला दुसरा ऑसिलोस्कोप असेल तर काम फार सोपे होते, पण तो नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. पॉवर सप्लायमधले बहुतेक दोष मल्टिमीटरनेच सापडतात.

३. उपकरण उघडण्यापूर्वी सुरक्षिततेसाठी नेमके काय करावे?

प्लग सॉकेटमधून काढून नजरेसमोर ठेवावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण स्विचपर्यंतची वायर, फ्यूज आणि व्होल्टेज सिलेक्टर तरीही जिवंत असतात. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावे. चालू उपकरणात मोजताना काळी प्रोब क्लिपने चॅसिसला लावावी आणि लाल प्रोब एकाच हाताने धरून दुसरा हात उपकरणापासून दूर ठेवावा, म्हणजे करंटला छातीतून मार्ग मिळत नाही. घरात दुसरे कोणी नसताना उच्च व्होल्टेजवर काम करू नये.

प्लग काढल्यानंतरही मोठे फिल्टर कपॅसिटर भारलेले राहतात. त्यांना स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये; ठिणगीने कपॅसिटर आणि टर्मिनल दोन्ही खराब होतात. चांगले इन्सुलेशन असलेल्या क्लिपांमध्ये २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडून तो कपॅसिटरच्या दोन टोकांवर धरावा. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १६० व्होल्टपर्यंत भारलेला असेल, तर सुमारे ५ सेकंदांत तो जवळजवळ रिकामा होतो. त्यानंतरही मीटर लावून खात्री करावी, कारण डिस्चार्ज रेझिस्टरचा सांधा सुटलेला असेल तर हाताला ते समजत नाही.

ऑसिलोस्कोपच्या पिक्चर ट्यूबच्या भागात दोन हजार व्होल्टपासून वीस हजार व्होल्टपर्यंत व्होल्टेज असू शकते. साध्या मल्टिमीटरची प्रोब तेथे कधीही लावू नये. अ‍ॅनोडची टोपी एकदा डिस्चार्ज केल्यावरही काही काळाने पुन्हा थोडा भार दाखवते, म्हणून नवशिक्याने तो भाग न उघडणे हेच योग्य.

आणखी दोन गोष्टी आहेत. काही जुन्या पॉवर आणि रेडिओ फ्रीक्वेन्सी ट्रान्झिस्टरांमधला पांढरा सिरॅमिक बेरिलियम ऑक्साइडचा असतो. त्याची धूळ फुप्फुसांना अत्यंत घातक आहे, तेव्हा तो फोडू, घासू किंवा कापू नये. जुन्या, तेल भरलेल्या धातूच्या कपॅसिटरमध्ये विषारी पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) तेल असू शकते. गळत असल्यास हातमोजे घालूनच हाताळावा.

४. अनेक वर्षे कपाटात पडून असलेले उपकरण थेट चालू करून पाहावे का?

नाही. प्रथम मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर आपल्या वीजपुरवठ्याला अनुरूप आहे का, हे पाहावे; ११५ व्होल्टवर ठेवलेले उपकरण २३० व्होल्टला लावल्यास होणारे नुकसान पुष्कळदा भरून निघत नाही. त्यानंतर फ्यूज बाहेर काढून त्यावरचा आकडा मॅन्युअलशी जुळवावा. मूळ फ्यूज वारंवार उडत होता म्हणून आधीच्या मालकाने मोठा फ्यूज बसवला, असे फार वेळा आढळते, आणि दोष कोठे असावा याचा तो पहिला धागा असतो.

मग झाकण काढून सावकाश पाहावे. फुगलेले कपॅसिटर, तपकिरी पडलेले रेझिस्टर, हिरवट डाग आणि ढिले कनेक्टर शोधावेत. वीज आत येते तेथे पारदर्शक पिवळसर आवरणाचा, धातुलेपित कागदाचा कपॅसिटर असेल आणि आवरणावर बारीक तडे दिसत असतील, तर तो चालू करण्यापूर्वीच बदलावा. तड्यांतून ओलावा शिरून असे कपॅसिटर काही मिनिटांतच दाट, उग्र धूर सोडतात. त्या जागी साधा कपॅसिटर चालत नाही. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एक्स वर्गाचा आणि लाइनपासून अर्थपर्यंत वाय वर्गाचाच सुरक्षा कपॅसिटर लागतो.

५. सिरीज लॅम्प म्हणजे काय आणि त्यावरून काय समजते?

टंगस्टन तारेचा ६० ते १०० वॅटचा बल्ब उपकरणाच्या फेज वायरमध्ये सिरीजमध्ये जोडला जातो. एलईडी किंवा सीएफएल येथे चालत नाही, कारण तार तापल्यावर तिचा रोध वाढतो आणि आपल्याला नेमका तोच गुण हवा असतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कपॅसिटर भारले गेले आणि मोठा शॉर्ट नाही. तो पूर्ण तेजाने जळतच राहिला, तर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर किंवा फिल्टर कपॅसिटर यांच्यात शॉर्ट आहे, आणि हे ट्रान्सफॉर्मर जळण्याच्या आधी कळते.

अपवाद एसएमपीएसचा, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लायचा. असा सप्लाय कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढतो किंवा सुरू होण्याचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा बंद पडतो. त्यामुळे सिरीज लॅम्पवर तो निरोगी असूनही बिघडलेला वाटतो, आणि व्हेरिएक अर्थात डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज वाढवण्याची पद्धत त्याला अपायकारकही ठरू शकते. साध्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला मात्र दोन्ही पद्धती चांगल्या.

६. मला पूर्ण सर्किट समजत नाही. दोष शोधायला कोठून सुरुवात करावी?

पॉवर सप्लायपासून. हे उत्तर कंटाळवाणे वाटेल, पण सप्लाय ठीक आहे याची खात्री होईपर्यंत पुढच्या कोणत्याही सर्किटवर घालवलेला वेळ वाया जातो. टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा १०० मेगाहर्ट्झचा, १९७२ साली आलेला आणि आजही भरपूर वापरात असलेला ऑसिलोस्कोप उदाहरणादाखल घ्या. त्यात उणे ८, अधिक ५, १५, ५५ आणि ११० व्होल्ट असे सप्लाय आहेत. यांपैकी एक जरी घसरला, तरी पडद्यावर दिसणारी लक्षणे भलत्याच ठिकाणी बोट दाखवतात.

उपकरण बंद ठेवून प्रत्येक सप्लाय आणि चॅसिस यांच्यामधला रोध आधी मोजावा. तो शून्याच्या जवळ असेल, तर चालू न करता प्रश्न ८ कडे वळावे. तसे नसेल तर चालू करून प्रत्येक व्होल्टेज मोजावे आणि त्याच ठिकाणी मल्टिमीटर एसीवर लावून रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला एसीचा अंश, पाहावा. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल, तर फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर रिपल १०० हर्ट्झचा असतो आणि तो वाढला म्हणजे फिल्टर कपॅसिटरवर संशय घ्यावा. दुसऱ्या ऑसिलोस्कोपवर तोच रिपल ५० हर्ट्झचा दिसला, तर ब्रिजमधला एक डायोड ओपन आहे किंवा त्याचा सांधा ड्राय सोल्डर झाला आहे, म्हणजे सोल्डर नीट धरलेले नाही. सगळेच सप्लाय एकाच प्रमाणात चुकलेले असतील, तर संदर्भ व्होल्टेज देणारा सप्लाय कोणता हे मॅन्युअलमध्ये शोधावे. अनेक उपकरणांत एकाच्या आधारावर बाकीचे ठरतात.

७. ऑसिलोस्कोप चालू होतो, पण पडद्यावर रेषाच येत नाही. पिक्चर ट्यूब गेली का?

बहुधा नाही. ट्रिगर ‘ऑटो’वर, दोन्ही पोझिशन नॉब मध्यभागी, इनपुट ‘ग्राउंड’वर, एक्स-वाय आणि विलंबित स्वीप बंद, आणि इंटेन्सिटी थोडी वाढवलेली, अशी मांडणी करून पाहावे. ट्रिगर ‘नॉर्मल’वर असताना सिग्नल नसेल तर रेषा येणारच नाही, आणि ‘बंद पडलेले’ म्हणून दिले गेलेले कित्येक ऑसिलोस्कोप याच एका बटणाने चालू झाले आहेत. ‘बीम फाइंड’ दाबल्यावर ठिपका एखाद्या कडेला दिसला, तर ट्यूब आणि उच्च व्होल्टेज जिवंत आहेत आणि दोष त्या बाजूच्या डिफ्लेक्शन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. ठिपका स्थिर असेल तर इंटेन्सिटी लगेच कमी करावी, नाहीतर तेथला फॉस्फर कायमचा जळतो. एवढे करूनही काहीच दिसले नाही, तर प्रश्न ६.

८. एक सप्लाय शॉर्ट दाखवतो, पण त्यावर तीस-चाळीस भाग आहेत. नेमका दोषी कसा शोधावा?

एकेक भाग काढत बसू नये. प्रथम कनेक्टर सोडवून कोणता बोर्ड शॉर्ट आहे ते ठरवावे. मग त्या बोर्डवर पुढील पद्धत वापरावी. माझ्यासमोर आलेल्या एका ऑसिलोस्कोपमधले आकडेच देतो.

अधिक १५ व्होल्टची लाइन चॅसिसला १.३ ओहम दाखवत होती. उपकरणाची वीज पूर्ण काढून, बाहेरच्या पॉवर सप्लायची मर्यादा १ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर ठेवली आणि तो योग्य दिशेने त्या लाइनला जोडला. एवढ्या कमी व्होल्टेजवर निरोगी सिलिकॉन भाग जवळजवळ करंट घेत नाहीत, त्यामुळे सगळा करंट शॉर्टकडेच जातो. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून, काळी प्रोब चॅसिसला लावून, लाल प्रोब पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डच्या) ट्रॅकवरून पुढे सरकवत नेली. कनेक्टरपाशी ६१८ मिलिव्होल्ट, पुढच्या रेझिस्टरपाशी ६११, त्यानंतर एका नारिंगी थेंबासारख्या टँटलम कपॅसिटरच्या पायापाशी ६०३, आणि त्यापुढे लाइन संपेपर्यंत सगळीकडे ६०३. ट्रॅकवर व्होल्टेज पडते म्हणजे तेथून करंट वाहतो आहे. ते पडायचे थांबले त्या जागी करंट जमिनीकडे गेला. कपॅसिटरचा एक पाय उचलला आणि लाइन २८० ओहमवर गेली. बाहेरून त्या कपॅसिटरवर साधा डागही नव्हता.

टँटलम कपॅसिटर बहुधा असेच शॉर्ट होऊन जातात, म्हणून सप्लाय लाइनवर ते असतील तर आधी त्यांच्याकडे पाहावे. बदलताना व्होल्टेज रेटिंग लाइनच्या किमान दुप्पट घ्यावे आणि ध्रुव दोनदा तपासावा.

९. सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदमच बदलून टाकावेत का?

माझे मत स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. शंभर सांधे उघडून पुन्हा सोल्डर करताना नवशिक्याकडून एखादा ट्रॅक उचलला जातो, एखादा कपॅसिटर उलटा बसतो, आणि मूळच्या एका दोषात स्वतः केलेले दोन मिसळले की उपकरण हाताबाहेर जाते. शिवाय पन्नास वर्षांपूर्वीचे उत्तम प्रतीचे कपॅसिटर आजही मापात भरत असल्याचे मी पाहिले आहे. म्हणून मोजावे, खराब ठरेल तोच बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर उपकरण चालवून पाहावे. बदलताना क्षमता जवळची, व्होल्टेज समान किंवा अधिक आणि तापमान शक्यतो १०५ अंशांचे घ्यावे.

न मोजता बदलावेत असे गट थोडेच आहेत: प्रश्न ४ मधले तडे गेलेले सुरक्षा कपॅसिटर, व्हॉल्व्हच्या काळातले मेण लावलेले कागदी कपॅसिटर, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे काही वर्षांतले पीसीबीवर थेट चिकटवलेले छोटे अ‍ॅल्युमिनियम कपॅसिटर. हे शेवटचे गळतात आणि त्यांचे द्रव खालचे तांबे खाते. सोल्डर निस्तेज आणि करडे दिसू लागले किंवा गरम करताना माशासारखा वास आला, तर गळती झालेली आहे असे समजावे.

१०. नॉब फिरवताना रेषा उड्या मारते आणि रेंज स्विच नीट लागत नाही. पॉट (नॉबमागचा पोटेन्शिओमीटर) आणि स्विच बदलावे लागतील का?

सहसा नाही, आधी वीज बंद ठेवून नॉब पंधरा-वीस वेळा पूर्ण फिरवावा. त्याने फरक पडला, तर कॉन्टॅक्टवर गंज धरलेला आहे. पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा द्यावा. स्विचचे सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने कधीही घासू नयेत. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या मधून ओढली की पट्टीवर काळी रेघ उमटते. रेघ येईनाशी झाली की थांबावे. गंजलेल्या बोल्टसाठीचा तेलकट स्प्रे येथे वापरू नये, कारण तो मागे थर ठेवतो आणि त्यावर धूळ धरते.

११. दोष कधी येतो, कधी जातो. अशा वेळी काय करावे?

उपकरण थंड असताना दोष दिसतो की तापल्यावर, हे प्रथम वहीत नोंदवावे. त्यानंतर लाकडी काडीने बोर्ड आणि कनेक्टर हलकेच ठोकत जावे. एका ठिकाणी ठोकल्यावर दोष येत-जात असेल, तर तेथे ड्राय सोल्डर किंवा ढिला सॉकेट आहे. जुन्या उपकरणांत ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले असतात, आणि ते एकदा काढून त्याच जागी परत बसवल्यानेच पुष्कळ दोष जातात. उष्णतेशी निगडित दोषासाठी संशयित भाग हेअर ड्रायरने तापवावा आणि फ्रीझर स्प्रेने एकेक भाग थंड करून पाहावा.

१२. मॅन्युअलमधले व्होल्टेज आणि माझा आकडा जुळत नाही, पण उपकरण चालते. चूक कोणाची?

कदाचित कोणाचीच नाही. त्या काळचे आकडे बहुधा प्रतिव्होल्ट २०,००० ओहमच्या काट्याच्या मल्टिमीटरने घेतलेले असत. २५० व्होल्टच्या रेंजवर असा मीटर ५ मेगाओहमचा भार टाकतो. आजचा डिजिटल मीटर १० मेगाओहमचा. समजा २०० व्होल्टवर एकेक मेगाओहमच्या दोन रेझिस्टरांचा विभाजक आहे. मध्यावर खरे व्होल्टेज १०० आहे, जुना मीटर ९१ दाखवेल आणि आपला ९५. म्हणून मॅन्युअलच्या सुरुवातीला मोजमापाच्या अटी आणि नॉबांची स्थिती दिलेली असते, ती वाचूनच तुलना करावी. कमी रोधाच्या सप्लाय लाइनवर मात्र ही सबब चालत नाही.

१३. ट्रान्झिस्टरवर कंपनीचाच क्रमांक आहे. पर्याय कसा शोधावा?

मोठ्या कंपन्या स्वतःचे क्रमांक देत. टेक्ट्रॉनिक्समध्ये १५१ ने सुरू होणारा भाग ट्रान्झिस्टर आणि १५२ ने सुरू होणारा डायोड असतो, तर ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १८५४ ने सुरू होणारा एनपीएन ट्रान्झिस्टर. मॅन्युअलच्या भागांच्या यादीत अनेकदा बाजारातला क्रमांकही दिलेला असतो.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. एएफ ११४ ते एएफ ११७ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर न वापरताही खराब होतात: आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढून एखादा पाय धातूच्या आवरणाला चिकटतो. चौथा पाय, म्हणजे शील्डचा, कापला तर ते पुष्कळदा पुन्हा चालतात. दुसरा अपवाद जुन्या ट्रिगर सर्किटांतल्या टनेल डायोडचा; तो मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तपासू नये, त्या करंटनेही तो निकामी होऊ शकतो.

१४. सिग्नल जनरेटरमध्ये एक छोटा बल्ब आहे, पण तो पेटलेला दिसत नाही. तो काढून एलईडी लावू का?

मुळीच नाही. वीन ब्रिज ऑसिलेटरमध्ये, म्हणजे अशा जनरेटरमधल्या साइन वेव्ह तयार करणाऱ्या सर्किटमध्ये, तो बल्ब प्रकाशासाठी नसतो. आउटपुट वाढले की तार किंचित तापते, तिचा रोध वाढतो आणि गेन आपोआप खाली येतो. १९३९ पासून ह्यूलेट-पॅकार्डच्या पहिल्या ऑडिओ ऑसिलेटरांनी हीच युक्ती वापरली. बल्ब ओपन असेल तर ऑसिलेशन थांबते. तो शॉर्ट असेल तर साइन वेव्हची डोकी सपाट होतात. पर्यायी बल्बही त्याच व्होल्टेज आणि करंटचा लागतो.

१५. उपकरणात बॅटरी आहे. तिला हात लावावा का?

निकेल-कॅडमियम बॅटरी गळत असेल, तर ती लगेच काढावी, पांढऱ्या व्हिनेगरने डाग पुसावेत, मग पाण्याने आणि अल्कोहोलने स्वच्छ करून बोर्ड पूर्ण वाळवावा.

कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवरच्या मेमरीत असतील, तर मात्र घाई करू नये. टेक्ट्रॉनिक्स २४६५बी मध्ये ते डीएस १२२५ या, बॅटरी पोटातच असलेल्या आयसीमध्ये असतात. वीज नसताना किमान दहा वर्षे माहिती टिकावी अशी तिची हमी होती, आणि तो काळ कधीच उलटून गेला आहे. उपकरण चालू अवस्थेत असतानाच ते आकडे वाचून नोंदवून ठेवावेत आणि मगच आयसी बदलावी. आकडे गेले, तर चालू असलेला ऑसिलोस्कोप पूर्ण कॅलिब्रेशनशिवाय भरवशाचा राहत नाही.

१६. जुन्या ऑसिलोस्कोपमध्ये खाचा असलेल्या पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्या आहेत. त्यांवर नेहमीचे सोल्डर चालेल का?

एखाद-दुसऱ्या वेळी चालून जाईल, पण वारंवार वापरल्यास खाचेतला चांदीचा थर साध्या सोल्डरमध्ये विरघळतो आणि पुन्हा सोल्डर धरत नाही. त्यासाठी सुमारे ३ टक्के चांदी असलेले सोल्डर लागते. टेक्ट्रॉनिक्सच्या अशा काही ऑसिलोस्कोपांत त्याची छोटी गुंडाळी आतच लावून दिलेली असे, तेव्हा नवे आणण्यापूर्वी आत शोधून पाहावे.

१७. दुसऱ्या उपकरणात मोजण्यासाठी ऑसिलोस्कोपची अर्थ पिन काढून टाकली तर?

तसे करू नये. प्रोबची ग्राउंड क्लिप, बीएनसी या इनपुट कनेक्टरचे बाहेरचे कवच आणि संपूर्ण धातूचा सांगाडा एकमेकांना जोडलेले असतात. अर्थ तोडून क्लिप फेजशी संबंध असलेल्या जागी लावली, तर सगळा ऑसिलोस्कोप त्या व्होल्टेजवर येतो आणि हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. तपासायचे उपकरण आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवावे, किंवा दोन चॅनेलांच्या दोन प्रोब दोन बिंदूंवर लावून, एक चॅनेल ‘इन्व्हर्ट’ करून ‘अ‍ॅड’ वापरावे. प्रोबच्या व्होल्टेज मर्यादेकडे तेव्हाही लक्ष हवे. एसएमपीएसची प्रायमरी बाजू याच कारणासाठी नवशिक्याने टाळावी.

१८. काट्याच्या मल्टिमीटरचा काटा काचेला हात लागला की भलतीकडे जातो. कॉइल खराब झाली का?

नाही. प्लॅस्टिकच्या खिडकीवर स्थिर विद्युत भार साठलेला असतो. खिडकीवर तोंडाची वाफ सोडून पाहावी. काटा जागेवर आला, तर निदान पक्के झाले. किंचित साबणाच्या पाण्याने ओले केलेले फडके बाहेरून फिरवून वाळू द्यावे. ओहमची फक्त सर्वांत वरची रेंज चालत नसेल, तर आणखी एक बॅटरी शोधावी. एव्होमीटर ८ मध्ये त्या रेंजसाठी स्वतंत्र १५ व्होल्टची बॅटरी असते.

१९. दुरुस्ती झाली. आता आतले अ‍ॅडजस्टमेंट फिरवून आकडे बरोबर आणू का?

लगेच नाही. दोष शिल्लक असताना अ‍ॅडजस्टमेंट फिरवल्यास तो झाकला जातो. उपकरण किमान वीस मिनिटे, आणि फ्रीक्वेन्सी काउंटरमध्ये क्रिस्टल ओव्हन असेल तर त्याहून बराच अधिक वेळ, तापू द्यावे. प्रोबचे कॉम्पेन्सेशन ऑसिलोस्कोपच्या स्वतःच्या कॅलिब्रेटरवर, चौकोनी लाटेचे माथे सपाट होईपर्यंत, जुळवून घ्यावे. त्यानंतरच मॅन्युअलच्या क्रमाने पुढे जावे, आणि त्या क्रमात सप्लाय नेहमी पहिले असतात. मोजमाप मर्यादेत बसत असेल, तर स्क्रू तसाच सोडावा. सप्लायचे अ‍ॅडजस्टमेंट हलवले की व्हर्टिकल गेन, स्वीपचा वेग आणि उच्च व्होल्टेज हे सगळेच सरकते. म्हणून एखादा सप्लाय मर्यादेच्या आत पण मधोमध नाही, एवढ्यासाठी त्याला स्पर्श करू नये. फिरवणे भागच असेल, तर आधी स्क्रूच्या खाचेची दिशा पेन्सिलने बोर्डवर आखून ठेवावी आणि आधीचा व नंतरचा आकडा तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी.